पहिला नंबर परक्याच्या मुलाला

एप्रिल १९५८ मध्ये मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे तिथल्या नामांकित संगीत महाविद्यालयाच्या मोठ्या सभागृहात एक तेवीस वर्षांचा अमेरिकन तरुण पियानोसमोर येऊन बसला. उंची सहा फूट चार इंच, कुरळे केस, लांबच लांब बोटे. नाव व्हॅन क्लायबर्न. त्याच्यामागे सोव्हिएत वाद्यवृंद होता, वाद्यवृंदाचे संचालन किरिल कोन्द्राशिन करत होते आणि समोर परीक्षक म्हणून जगातले काही सर्वांत मोठे पियानोवादक बसले होते. वाजवायच्या मुख्य रचना दोन होत्या आणि दोन्ही रशियन. पहिली चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्टो क्रमांक १ आणि दुसरी रखमानिनॉव्हचा पियानो कॉन्चेर्टो क्रमांक ३.

त्या काळाचा संदर्भ लक्षात घेतल्याशिवाय या मैफलीचे महत्त्व कळत नाही. सहा महिन्यांपूर्वीच, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, सोव्हिएत युनियनने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला होता. अमेरिका हादरली होती. दोन्ही देशांकडे अणुबॉम्ब होते आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. अशा वेळी सोव्हिएत सरकारने चायकोव्हस्कीच्या नावाने पहिली आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धा भरवली. हेतू उघड होता. विज्ञानात आम्ही पुढे आहोत, आता कलेतही आम्हीच पुढे आहोत हे जगाला दाखवायचे. पियानोचे सुवर्णपदक सोव्हिएत वादकालाच मिळणार असा बहुतेकांचा अंदाज होता.

ते पदक क्लायबर्नला मिळाले. ही गोष्ट अनेकदा एका अमेरिकन मुलाने रशिया जिंकला अशा थाटात सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. कोणी कोणाला जिंकले हे पाहण्याआधी त्या दोन रचना कुठून आल्या आणि तो मुलगा कोणाच्या तालमीत तयार झाला, हे पाहिले पाहिजे.

आधी कॉन्चेर्टो म्हणजे काय ते थोडक्यात. एका बाजूला सत्तर-ऐंशी वादकांचा वाद्यवृंद आणि दुसऱ्या बाजूला एकटा वादक. दोघांमध्ये कधी संवाद, कधी चढाओढ, कधी गळ्यात गळा. आपल्याकडच्या सवाल-जवाबाशी त्याचे थोडे नाते जोडता येईल, पण एक मोठा फरक आहे. इथे जवळजवळ प्रत्येक सूर रचनाकाराने आधीच कागदावर लिहून ठेवलेला असतो. वादकाने नवे काही रचायचे नसते. लिहिलेल्या सुरात जीव ओतायचा असतो. साधारणपणे अशा रचनेचे तीन भाग असतात, पहिला मोठा, दुसरा संथ आणि तिसरा वेगवान. एकोणिसाव्या शतकात, ज्याला युरोपात रोमँटिक काळ म्हणतात, लोखंडी चौकटीचे दणकट पियानो तयार होऊ लागले. त्यांचा आवाज सबंध वाद्यवृंदाला टक्कर देऊ शकत होता. मग रचनाही तशाच भव्य आणि भावनेने ओसंडणाऱ्या होत गेल्या आणि त्या पेलणारा वादक हा मैफलीचा नायक झाला.

चायकोव्हस्कीने आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो १८७४ च्या हिवाळ्यात लिहायला घेतला. तो तेव्हा मॉस्कोच्या याच कॉन्झर्व्हेटरीत शिकवत होता. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याने ती रचना संस्थेचे प्रमुख निकोलाय रुबिनश्टाइन यांना एका वर्गात वाजवून दाखवली. रुबिनश्टाइन स्वतः उत्तम पियानोवादक होते. पहिला भाग संपला तरी ते गप्प राहिले. सगळे ऐकून झाल्यावर मात्र त्यांनी तोंड उघडले आणि रचनेच्या चिंध्या केल्या. वाजवण्याजोगी नाही, इकडून तिकडून उचललेली आहे, बरेच बदलले तरच मी वाजवीन, असा त्यांचा एकंदर सूर होता. चायकोव्हस्की दुखावला आणि एकही सूर बदलणार नाही असे सांगून बाहेर पडला. त्याने ती रचना जर्मन वादक हान्स फॉन ब्यूलो याच्याकडे पाठवली. ब्यूलो तेव्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला होता. त्यामुळे आज जी रचना रशियाची ओळख मानली जाते, ती जगात पहिल्यांदा वाजली २५ ऑक्टोबर १८७५ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात.

पुढची गोष्टही सांगायला हवी. रुबिनश्टाइन आपल्या मतावर अडून बसले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्कोत ही रचना वाजली तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन त्यांनीच केले आणि काही वर्षांनी पियानोवर बसून ती स्वतः वाजवलीही. चायकोव्हस्कीनेही नंतर रचनेत सुधारणा केल्या. १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉल सुरू झाले, त्या समारंभासाठी चायकोव्हस्कीला खास बोलावण्यात आले होते आणि तिथे त्याने याच कॉन्चेर्टोचे संचालन केले.

या रचनेच्या आतही बरेच देश आहेत. सुरुवातीला हॉर्न या पितळी वाद्यांचे चार सूर खाली उतरतात आणि पियानो तळापासून टोकापर्यंत भरदार स्वरसमूह घेत वर चढतो. तो भाग जगभर ओळखला जातो. पण त्यानंतर येणारी धावती धून चायकोव्हस्कीने युक्रेनमध्ये जत्रेत गाणाऱ्या आंधळ्या भिक्षेकऱ्यांकडून घेतली होती. शेवटच्या भागाचा ठेकाही युक्रेनच्या एका लोकगीताचा आहे आणि मधल्या भागात चक्क एक फ्रेंच गाणे डोकावते. म्हणजे ज्याला आपण शंभर टक्के रशियन म्हणतो, त्यात युक्रेनचे भिकारीही आहेत आणि फ्रान्सचे हलकेफुलके गाणेही.

दुसऱ्या रचनेची कथा याहून वेगळी नाही. सर्गेई रखमानिनॉव्हने तिसरा कॉन्चेर्टो १९०९ च्या उन्हाळ्यात इवानोव्हका या गावी लिहिला, तो आपल्या पहिल्या अमेरिका दौऱ्यासाठी. तयारीला वेळ कमी होता, म्हणून जहाजावर त्याने आवाज न करणाऱ्या पट्ट्यांवर सराव केला. २८ नोव्हेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती रचना पहिल्यांदा वाजली आणि जानेवारी १९१० मध्ये कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा. त्या वेळी संचालक होते गुस्ताव्ह मालर. या कॉन्चेर्टोची सुरुवात अगदी साधी आहे, लहान मुलाने दोन हातांनी एकच चाल वाजवावी इतकी साधी. पण पुढे तीच चाल चाळीसेक मिनिटे अशी वाढत जाते की भल्याभल्या वादकांची बोटे थकतात. ज्या योसेफ हॉफमान या थोर वादकाला ती अर्पण केली होती, त्याने ती जाहीरपणे कधीच वाजवली नाही.

क्रांती झाल्यावर १९१७ च्या डिसेंबरात रखमानिनॉव्हने रशिया सोडला आणि तो पुन्हा कधी परतला नाही. इथे आपल्या देशाशी जोडलेला एक धागा आहे. १९३० मध्ये रवींद्रनाथ ठाकूर सोव्हिएत युनियनला गेले होते. तिथल्या शिक्षणाच्या प्रसाराने ते प्रभावित झाले आणि त्यांनी त्याची जाहीर स्तुती केली. जानेवारी १९३१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यात ठाकूरांच्या स्तुतीवर आक्षेप घेऊन सोव्हिएत राजवटीच्या दडपशाहीवर कडक टीका केली होती. सही करणाऱ्या तिघांत रखमानिनॉव्ह होता. त्याचा परिणाम म्हणून सोव्हिएत युनियनमध्ये काही काळ त्याच्या संगीतावर बहिष्कार पडला. तरीही हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर १९४१ मध्ये याच माणसाने आपल्या मैफलीचे उत्पन्न रशियाच्या युद्धपीडितांसाठी दिले. सरकार एक आणि देश दुसरा, हे त्याला नीट कळत होते. १९४३ मध्ये तो अमेरिकेतच वारला. न्यूयॉर्कजवळच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

आता त्या मुलाकडे येऊ. व्हॅन क्लायबर्नचा जन्म १२ जुलै १९३४ चा, लुइझियानातला. वाढला टेक्सासच्या किलगोर या तेलविहिरींच्या गावात. वडील तेल कंपनीत नोकरीला. आई रिल्डिया बी घरी पियानोच्या शिकवण्या घ्यायची आणि तीन वर्षांचा असल्यापासून हा मुलगा तिच्याकडेच शिकला. त्या आईचे गुरू आर्थर फ्रीडहाइम. ते जन्मले सेंट पीटर्सबर्गमध्ये आणि शिकले फ्रान्झ लिस्टकडे. लिस्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकातला पियानोचा सर्वांत मोठा उस्ताद. म्हणजे तेलविहिरींच्या त्या गावात एका सामान्य घरात, लिस्टपासून निघालेला सिलसिला येऊन पोहोचला होता. पियानो वाजवण्याआधी ती चाल गाऊन पाहा, कारण माणसाचा गळा हे पहिले वाद्य आहे, अशी आईची शिकवण होती. क्लायबर्नच्या वादनात जो गाता सूर होता तो तिथला.

पुढे १९५१ मध्ये तो न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत रोझिना लेव्हिन यांच्याकडे गेला. रोझिना मूळच्या कीव्हच्या, ज्यू घराण्यातल्या. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून १८९८ मध्ये त्या सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्यांचे पती योसेफ लेव्हिन हे रखमानिनॉव्हचे सहाध्यायी. पहिल्या महायुद्धाच्या काळात हे जोडपे जर्मनीत अडकून पडले आणि युद्धानंतर अमेरिकेत आले. रशियात मिळालेली तालीम रोझिना न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मुलांना देत राहिल्या. मॉस्कोच्या स्पर्धेला जा, असा आग्रह क्लायबर्नला त्यांनीच केला. तेव्हा त्याची परिस्थिती फारशी बरी नव्हती. १९५४ मध्ये लेव्हेन्ट्रिट हे मोठे पारितोषिक मिळाले होते, पण पुढे कार्यक्रम कमी होत गेले होते. प्रवासाचा खर्चही सरकारने नव्हे, तर मार्था बेअर्ड रॉकफेलर यांच्या संगीतनिधीने केला.

लहानपणी त्याच्याकडे जगाच्या इतिहासाचे एक चित्रांचे पुस्तक होते. त्यात मॉस्कोच्या सेंट बॅसिल चर्चचे चित्र होते. रंगीबेरंगी घुमटांचे ते चर्च आपल्याला दाखवा, असा हट्ट त्याने तेव्हा आईवडिलांकडे धरला होता. मॉस्कोत उतरल्यावर त्याने सर्वांत आधी तेच पाहण्याची इच्छा व्यक्त केली. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शत्रू म्हणून ज्या देशाचे नाव शाळाशाळांतून घेतले जात होते, त्या देशाची त्याच्या मनातली पहिली प्रतिमा एका सुंदर इमारतीची होती. मुलांच्या हातात आपण कोणते चित्र देतो, याचा परिणाम वीस वर्षांनी दिसतो.

स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासूनच मॉस्कोच्या रसिकांनी त्याला आपलासा केला. त्याचे नाव त्यांनी लाडाने वान्या करून टाकले. अंतिम फेरीत सभागृह खचाखच भरले होते. चायकोव्हस्कीचा कॉन्चेर्टो त्याने घाई न करता, गाऊन वाजवला. रखमानिनॉव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात एक जागा अशी येते की वाद्यवृंद पूर्ण थांबतो आणि वादक एकटा वाजवतो. रचनाकाराने त्या जागेसाठी दोन पर्याय लिहून ठेवले आहेत, एक हलका आणि एक अत्यंत जड. क्लायबर्नने जड पर्याय निवडला. संपल्यावर लोक उभे राहिले आणि आठ मिनिटे टाळ्या थांबल्या नाहीत. परीक्षकांनीही दाद दिली.

त्या लोकांचा विचार करा. त्यातल्या कित्येकांनी महायुद्धात घरची माणसे गमावली होती, स्टालिनच्या काळात शेजारी रात्रीतून नाहीसे झालेले पाहिले होते. त्यांना ही रचना तोंडपाठ होती. ती वाजवणारा परदेशी होता, शत्रुराष्ट्रातला होता, रशियन भाषा त्याला जेमतेम चार शब्द येत होती. पण सूर खरा आहे हे त्यांच्या कानांनी ओळखले आणि त्यांनी ते लपवले नाही. राज्यकर्त्यांची परवानगी मिळायच्या आधीच जनतेचा निकाल लागला होता.

परीक्षकांचे काम मात्र अवघड होते. मंडळाचे अध्यक्ष एमिल गिलेल्स, सोबत स्व्यातोस्लाव रिख्टर, हाइनरिख नॉयहाउस, लेव्ह ओबोरिन अशी मंडळी. हे चौघेही सोव्हिएत नागरिक. परक्या देशाच्या, त्यातही अमेरिकेच्या मुलाला पहिला क्रमांक देणे म्हणजे सरकारच्या इराद्यावर पाणी फिरवणे. रिख्टर यांनी क्लायबर्नला पूर्ण गुण आणि इतर अनेकांना शून्य दिले, अशी कथा संगीताच्या जगात सांगितली जाते. शेवटी निकाल जाहीर करण्यापूर्वी विषय थेट निकिता ख्रुश्चेव्ह यांच्यापर्यंत गेला. तो सगळ्यांत चांगला आहे का, असे त्यांनी विचारले आणि असेल तर त्यालाच बक्षीस द्या असे सांगितले, असे म्हणतात. ख्रुश्चेव्ह काही संत नव्हते. दीडच वर्षापूर्वी त्यांनी हंगेरीत रणगाडे पाठवले होते. उदारपणा दाखवण्यात त्यांचा राजकीय फायदाही होता. पण परीक्षकांनी जर आधीच आपल्या माणसाच्या पारड्यात वजन टाकले असते, तर ख्रुश्चेव्हना विचारायचा प्रश्नच आला नसता. इन्साफ पहिल्यांदा परीक्षकाच्या पेन्सिलीने केला, सत्तेने नंतर त्यावर मान डोलावली. दुसरा क्रमांक सोव्हिएत युनियनचा लेव्ह व्लासेन्को आणि चीनचा लिऊ शिकून यांना विभागून मिळाला.

त्र्याऐंशी वर्षांपूर्वी याच संस्थेच्या वर्गात रुबिनश्टाइन यांनी एका मोठ्या रचनेला नापास केले होते आणि नंतर स्वतःचा निकाल स्वतःच बदलला होता. आता त्याच संस्थेत तीच रचना वाजवणाऱ्या परक्याला तिथल्याच गुरुजनांनी पहिला नंबर दिला. रोझिना लेव्हिन यांनी याच संस्थेचे सुवर्णपदक घेतले त्याला बरोबर साठ वर्षे झाली होती. म्हणून म्हणतो, यात कोणी कोणाला जिंकले नाही. रशियाने आपली तालीम नाइलाजाने परदेशी जाऊ दिली होती. ती एका टेक्सासच्या मुलाच्या बोटांतून घरी आली आणि घरच्यांनी ती ओळखली.

पुढे काय झाले? २० मे १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर क्लायबर्नची मिरवणूक निघाली. इमारतींमधून कागदी फितींचा वर्षाव झाला आणि लाखभर लोक रस्त्यावर उतरले. शास्त्रीय संगीतातल्या एकट्या कलावंताला असा मान त्याआधी मिळाला नव्हता, नंतरही नाही. अमेरिकेतल्या मैफलींसाठी कोन्द्राशिन यांनाही त्याने बोलावून घेतले आणि दोघांनी मिळून चायकोव्हस्कीचा कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला. दहा लाखांहून अधिक खपलेली ती शास्त्रीय संगीताची पहिली लाँग प्ले तबकडी ठरली. रशियातून आणलेले लायलॅकचे रोप त्याने रखमानिनॉव्हच्या कबरीवर लावले. जो माणूस जिवंतपणी मायदेशी परतू शकला नाही, त्याच्याकडे मायदेशाचे झाड गेले.

पण संगीताने शांतता आली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. १९६० मध्ये सोव्हिएत युनियनने अमेरिकेचे हेरविमान पाडले, १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, १९६२ मध्ये क्यूबावरून जग अणुयुद्धाच्या काठावर गेले. क्लायबर्न १९६० आणि १९६२ मध्ये पुन्हा सोव्हिएत युनियनला गेला आणि सभागृहे पुन्हा भरली, पण क्षेपणास्त्रे जागच्या जागी राहिली. लिऊ शिकूनला तर संगीताची किंमत शरीराने मोजावी लागली. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत त्याला सुमारे सहा वर्षे तुरुंगात टाकले आणि मारहाणीत त्याच्या हाताचे हाड मोडले. परकीयांचे संगीत वाजवतो, हाच त्याचा गुन्हा. बाहेर आल्यावर तो पुन्हा पियानोवर बसला. क्लायबर्नचेही सगळे सुखाचे झाले नाही. लोकांना त्याच्याकडून पुन्हा पुन्हा तेच दोन कॉन्चेर्टो हवे होते. थकून त्याने १९७८ मध्ये मैफली थांबवल्या. डिसेंबर १९८७ मध्ये गोर्बाचेव्ह वॉशिंग्टनला आले, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये त्याने एक लोकप्रिय रशियन गाणे वाजवले आणि पाहुणे त्याच्याबरोबर गाऊ लागले. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी तो वारला.

मग अशा मैफलीने साधते काय? तोफा थांबत नाहीत, हे खरे. पण शत्रू म्हणजे कोणीतरी राक्षस, हे चित्र पुसले जाते आणि ते एकदा पुसले की पुन्हा रंगवायला बराच वेळ लागतो. हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर चायकोव्हस्की स्पर्धेला संगीत स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय महासंघातून बाहेर काढण्यात आले. युद्ध करणाऱ्या सरकारच्या पैशावर चालणाऱ्या स्पर्धेबाबतचा तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याच वर्षी जूनमध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थ शहरात क्लायबर्नच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेने रशियन मुलांना दार बंद केले नाही. सुवर्णपदक मिळाले दक्षिण कोरियाच्या अठरा वर्षांच्या युनचान लिम याला, रखमानिनॉव्हचा तोच तिसरा कॉन्चेर्टो वाजवून. दुसरा क्रमांक रशियाच्या आणा गेन्युशेनेला आणि तिसरा युक्रेनच्या द्मित्रो चोनीला. दोघांच्या देशांत युद्ध चालू असताना दोघे एकाच मंचावर उभे होते. सरकारला जबाबदार धरणे आणि माणसाला त्याच्या सरकारच्या पापासाठी नापास करणे, यातला फरक तिथे पाळला गेला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दू एका कौमेची आणि मराठी दुसऱ्या, असे वाटून टाकणारे लोक दोन्ही बाजूंना भेटतात. त्यांना मी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव सांगतो, ज्यांनी मराठीत योगसंग्राम लिहिला. आणि फिराक गोरखपुरींचे सांगतो, ज्यांचे खरे नाव रघुपती सहाय आणि ज्यांना उर्दू कवितेसाठी ज्ञानपीठ मिळाले. भाषा असो की संगीत, जो रियाज करतो त्याची ती होते. जन्माचा दाखला तिथे कोणी मागत नाही, आणि मागितला तर तो मागणाऱ्याचा कमकुवतपणा.

पेपर तपासणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांना त्या मॉस्कोच्या परीक्षकांकडून शिकण्यासारखे आहे. बाहेर सरकार, वर्तमानपत्रे, सगळा देश काय अपेक्षा करतो ते त्यांना माहीत होते. त्यांनी फक्त ऐकले, आणि जे ऐकले तेवढ्याचेच गुण दिले. उत्तरपत्रिकेवरचे नाव, आडनाव, मोहल्ला झाकून उत्तर वाचणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नसते. ती ज्या समाजाला जमते, त्याची मुले पुढे कुठेही गेली तरी तिथे मान वर करून बसू शकतात.